पेडल दाबलेले होते

३ डिसेंबर २०२४, जालना

अँबेसेडर साडेपाच महिन्यांनंतर आज बाहेर काढण्याचा प्रयत्न केला. निष्फळ. निरीक्षणे क्रमाने नोंदवतो.

इंजिन तिसऱ्या खेपेला सुरू झाले. क्लचचे पेडल पूर्ण खाली जाते; पायाला नेहमीइतकाच जोर लागतो. तरीही इंजिन चालू असता गिअर पडत नाही, केवळ दात घासल्याचा कर्कश आवाज येतो. म्हणून इंजिन बंद करून गिअर टाकला, पेडल तळापर्यंत दाबून धरले आणि चावी फिरवली. गाडी पुढे झेपावली. मी तत्काळ चावी बंद केली, तरी बंपर पाण्याच्या टाकीपासून वीतभर अंतरावर जाऊन थांबला. पेडल दाबलेले असता इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पोहोचता कामा नये. क्लचचे प्रयोजनच ते. ती पोहोचली. अर्थात क्लच सुटत नाही.

सुरेखा ओट्यावरून पाहत होती. म्हणाली, "अहो, टाकी फुटली असती तर? नळाला पाणी यायला अजून चार दिवस आहेत." एकोणपन्नास वर्षांच्या संसारात तिने माझ्या कोणत्याही प्रतिपादनाला याहून समर्पक आक्षेप घेतलेला नाही.

गाडी पाच जानेवारीपूर्वी चालती व्हायला हवी. त्या दिवशी संस्थेचा सुवर्णमहोत्सव. ही गाडी मूळची संस्थेचीच. संस्थेने ती काढून टाकली तेव्हा मी घेतली. ज्या महाविद्यालयात मी एकतीस वर्षे तर्कशास्त्र शिकवले, त्याच्या फाटकातून त्याच गाडीत बसून मी आत यावे, अशी सचिव शिवाजीरावांची इच्छा आहे. मला ती बालिश वाटली. मी होकार दिला.

एक आनुषंगिक नोंद. गाडी झेपावली त्या क्षणी मला तातेरावचे नाव आठवले.

५ डिसेंबर

कल्याण येऊन गेला. नव्या मोंढ्याजवळ त्याचे गॅरेज आहे. माझा विद्यार्थी, माझ्या विषयात दोनदा नापास. आता पन्नाशीचा आहे. दर भेटीत म्हणतो, "सर, तुमच्या पेपरनं मला मेकॅनिक केलं."

त्याने मला पेडलवर बसवले आणि स्वतः गाडीखाली शिरला.

"दाबा. सोडा. दाबा. दांडा बराबर सरकून राह्यला, सर. म्हंजी तुमच्या पायापासून क्लचपर्यंत समदं ठीक. मंग राह्यलं काय?"

"क्लच," मी म्हणालो.

"बघा! आता तरी पास करा."

एकेक शक्यता वगळण्याची पद्धत निर्दोष होती. मी तसे सांगितले. तो गाडीखालून बाहेर आला, हात पुसले आणि समजावू लागला. "आत एक प्लेट असती, इंजनाच्या चाकाला दाबून बसलेली. पेडल दाबलं की दाब निघतो आन् प्लेट मोकळी होती. पन गाडी पावसाळाभर ओलीत उभी राह्यली की गंज धरतो. प्लेट चिकटती. मंग दाब निघाला तरी ती सुटत न्हाई."

"उपाय?"

"झटका. इंजन गरम करायचं, पेडल दाबून गिअरमधीच गाडी चालू करायची आन् पळत्या गाडीला एकदम ब्रेक मारायचा. दोन-चार झटक्यांत सुटती."

"आणि सुटल्यानंतर?"

"मंग बिलकुल नवी! उद्या कोनालाबी दाखवा. तो म्हनल, हिला काय झाल्तं?"

मी विचारले की झटक्याऐवजी गाडी कशावर तरी आदळली, तर प्लेट सुटेल काय.

"सुटंल की," तो हसला. "पन खर्चा जास्त यील."

मी त्याला सोमवारी यायला सांगितले. त्याला आजच करायचे होते. पाना पिशवीत टाकून तो निघाला.

६ डिसेंबर

मांडणी करतो.

जुलै १९९८. तातेराव हा संस्थेचा ड्रायव्हर, सेवा चौदा वर्षे. ही गाडी उन्हाळी सुटी आणि त्यापुढचे पावसाचे दिवस, असे सात आठवडे वसतिगृहामागे उघड्यावर उभी होती. हँडब्रेक धरत नसल्याने ती गिअरमध्ये उभी ठेवण्याची पद्धत होती. संस्थेच्या अध्यक्षांना मंठ्याला न्यायचे म्हणून तातेरावने ती सुरू केली. गाडी झेपावली आणि फाटकाच्या खांबावर आदळली. मध्ये वसतिगृहात स्वयंपाक करणारी चांगुणाबाई होती. तिचा डावा पाय गुडघ्याखाली दोन ठिकाणी मोडला.

चौकशी समिती तिघांची, अध्यक्ष मी. तिघांचीही शेते एकाच शिवारात, पंगतही एकच. तातेरावचे म्हणणे होते: पेडल दाबले होते, क्लच सुटला नाही. दुसऱ्या दिवशी मी स्वतः गाडी तपासून घेतली. क्लच निर्दोष. मी लिहिले: क्लच नादुरुस्त असता तर तो दुसऱ्या दिवशीही नादुरुस्त आढळला असता, तसा आढळला नाही, म्हणून तो नादुरुस्त नव्हता, म्हणून पेडल दाबलेले नव्हते, म्हणून ड्रायव्हरने हयगय केली आणि ती झाकण्यासाठी असत्य कथन केले.

तातेरावला सेवेतून कमी करण्यात आले. पुढे तो कुंभार पिंपळगावला, आपल्या गावी, दुसऱ्यांच्या जीप चालवू लागल्याचे ऐकले.

अनुमानाचा आकार शुद्ध आहे. पहिले विधान असत्य होते. गंज आणि झटका यांविषयी समितीपुढे कोणतेही ज्ञान उपलब्ध नव्हते. उपलब्ध पुराव्यावर निष्कर्ष अटळ होता. हे येथे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते.

९ डिसेंबर

कल्याणने गाडी मैदानावर नेली. मी शेजारी बसलो. पंधरा मिनिटे इंजिन तापवले. मग गिअर, पेडल, चावी, ब्रेक. पहिले दोन झटके वाया गेले. तिसऱ्याला खालून खट् असा आवाज आला आणि गाडी जागीच थांबली.

"सुटली!" कल्याण ओरडला.

माझे लक्ष दुसरीकडे होते. गाडी थांबली होती, गिअर पडलेला होता आणि इंजिन शांतपणे चालू होते.

"हे बंद का पडले नाही?" मी विचारले.

"क्लच सुटला ना, सर. माझा पाय पेडलवरच हाय. पाय नसता तर आचका देऊन बंद पडलं असतं."

मी म्हणालो, पाय काढून दाखव. त्याने हळू चालत्या गाडीला ब्रेक लावला आणि क्लचवरचा पाय काढला. इंजिन आचका देऊन बंद पडले. मी पुन्हा करायला सांगितले. मग पुन्हा.

"सर, इंजनाला शिक्षा करून राह्यले का?"

परतताना विचारले, प्लेट चिकटली होती हे आता, सुटल्यानंतर, कोणाला ओळखता येईल काय. तो म्हणाला, "खोललं तर येतं. चाकावर प्लेटच्या मापाचा गंजाचा डाग राहतो. बाहेरून न्हाई."

१९९८ मध्ये क्लच कोणी खोलला नव्हता. मीच आवश्यकता नाही असे म्हटले होते.

१२ डिसेंबर

चौकशीची प्रत माझ्या कपाटात सापडली. मी सर्व प्रती ठेवतो.

पान चार, तातेरावचा जबाब: "मी पेडल दाबूनच चावी फिरवली. क्लच सुटला नाही. खांबाला धडक बसली तेव्हा पायाखाली खट् वाजले आणि गाडी मोकळी झाली. इंजिन चालूच होते. मीच चावी काढली."

पान सहा, फाटकावरील पहारेकरी राधेश्याम याचा जबाब: "धडकेनंतरही गाडीचा आवाज चालू होता. तातेरावने खाली उतरण्याआधी बंद केली."

पान चारच्या समासात, शेवटच्या तीन वाक्यांसमोर, निळ्या शाईत, माझ्या अक्षरात एकच शब्द: अप्रस्तुत.

गाडी खांबाला टेकलेली, गिअर पडलेला, इंजिन चालू. पेडलवर पाय नसता तर ते बंद पडले असते. ते बंद पडले नाही. म्हणून पाय पेडलवर होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे दोन ओळींत सिद्ध करता आले असते. यासाठी गंजाचे ज्ञान लागत नाही. सहा तारखेला जे आवश्यक म्हणून लिहिले, ते असत्य आहे. ते खोडत नाही. तसेच राहू दे.

मी तो शब्द का लिहिला, याची तीन कारणे संभवतात. घाई. उत्सुकतेचा अभाव. माझा निष्कर्ष आधीच तयार असणे. चौथे कारण लिहून खोडले आहे.

१३ डिसेंबर

काही लिहिण्यासारखे नाही. जेवण गेले नाही. सुरेखाने कारण विचारले. पोट, असे सांगितले.

१७ डिसेंबर

कुंभार पिंपळगाव. एस.टी.ने गेलो. ती गाडी त्याच्या दारात नेणे मला योग्य वाटले नाही.

तातेराव आता सत्तरीचा. डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे. काळा चष्मा लावून दारात बाजेवर बसला होता. मी हाक मारली; नाव सांगण्यापूर्वीच तो उठला.

"या, सर. आवाजावरून वळखलं. बसने आले?"

"हो. तातेराव, तुम्ही बसा."

त्याने मान किंचित वळवली. माझ्या तोंडून त्याला 'तुम्ही' प्रथमच ऐकू आले होते. हे मला बोलून झाल्यावर कळले. सून भावना हिने पाणी आणले. ती गावातल्या अंगणवाडीत सेविका आहे. तातेरावचा मुलगा वसंता दहा-बारा वर्षांपूर्वी काविळीने गेला, हे तिथे समजले.

मी प्रयोजन सांगितले. गंज, प्लेट, झटका, इंजिन. सुमारे दहा मिनिटे बोललो. त्याने मध्ये एकदाही तोडले नाही. मग म्हणाला, "ते तर मला आठ दिवसांतच कळल्तं, सर. अंबडच्या एका मिस्तरीनं सांगितलं. मी तुमच्याकडं आल्तो बी सांगायला."

"माझ्याकडे? केव्हा?"

"तुमी जेवत व्हते. फाटकाबाहेर दीड घंटा थांबलो. मंग बाईसाहेब आल्या, म्हनल्या, सर झोपले."

मला याचे काहीच स्मरण नाही. त्याच्या सांगण्यात तक्रार नव्हती. एखादा जुना रस्ता कोठून जातो हे सांगावे तसे त्याने सांगितले.

मी खिशातून कागद काढला. त्यात चौकशीचा निष्कर्ष सदोष असल्याचे मी स्वाक्षरीनिशी मान्य केले होते. भावनाने तो वाचून दाखवला. मधेच थांबून म्हणाली, "बाबा, ह्यात 'सदोष' चार वेळा आलंय. तुमचं नाव एकदाच."

तातेराव हसला. "सर, कागद ठिवा तुमच्यापाशी. नोकरी गेली, ती गेली. मी काय उपाशी मेलो न्हाई. माझं एकच काम करा. चांगुणेला सांगा."

चांगुणाबाई त्याची चुलत बहीण, हे मला आज समजले. तिला वसतिगृहात कामाला त्यानेच लावले होते. आता ती मुलाकडे तीर्थपुरीला असते.

"तिचा पाय मोडला ते तिनं मला कवाच माफ केल्तं," तो म्हणाला. "दवाखान्यात माझाच हात धरून पडली व्हती. पन तुमचा कागद आला. त्यात लिवलं, मी खोटं बोललो. ती म्हनली, चूक झाली म्हनला असतास तर एक पाय काय, दोन दिले असते; माझ्या तोंडावर खोटं बोललास. तवापून बोलली न्हाई. वसंता गेला, तरी आली न्हाई."

"तुम्ही तिला खरे सांगितले नाही?"

"सांगितलं की. पन ती म्हनती, एवढे शिकलेले सर खोटं लिहितील का?"

मी म्हणालो, तिला पत्र लिहितो.

"वाचता येत न्हाई तिला. तोंडानं सांगा."

घरी आल्यावर सुरेखाने विचारले, "तिथे पाणी घेतलंत?" मी हो म्हणालो. तिने तो प्रश्न का विचारला, हे मी विचारले नाही. फाटकाबाहेरच्या त्या दीड तासाविषयीही विचारले नाही.

२२ डिसेंबर

तीर्थपुरीला आज जाणार होतो. गुडघा दुखत आहे, थंडीही आहे. बाईंना काय सांगायचे त्याचा मसुदा केला. पहिल्याला दीड पान लागले. तो सुरेखाला वाचून दाखवला.

"तुम्ही तिला क्लच शिकवणार आहात का?" ती म्हणाली.

दुसरा मसुदा अर्ध्या पानाचा. त्याची सुरुवात 'तत्कालीन परिस्थितीत' अशी होती. तो मीच फाडला.

२४ डिसेंबर

शिवाजीरावांचा फोन. गाडीला हार कोणत्या रंगाचा घालायचा, हा प्रश्न. मी म्हणालो, गाडी येणार नाही आणि मीही नाही. त्याऐवजी १९९८च्या चौकशी अहवालाला माझी दुरुस्ती जोडावी आणि ती महोत्सवाच्या सभेत वाचावी.

"सर, कोणता अहवाल?"

मी सांगितले.

"अहो सर, पंचवीस-सव्वीस वर्षं झाली. आता ते कशाला उकरून काढायचं? आनंदाचा कार्यक्रम आहे. तुमचा सत्कार आहे."

हे ऐकताच मला हायसे वाटले. ते सुमारे दोन मिनिटे टिकले, आणि त्या दोन मिनिटांत मी "ठीक आहे" असे म्हणून बसलो. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आले की मी नुकताच दुसऱ्यांदा समासात तोच शब्द लिहिला. पुन्हा फोन लावला. उचलला गेला नाही. दुरुस्ती नोंदणीकृत टपालाने पाठवली. तातेरावचे नाव सहा वेळा घेतले आहे. 'सदोष' हा शब्द काढून 'खोटा' घातला.

२९ डिसेंबर

कल्याणबरोबर तीर्थपुरीला गेलो. या वेळी त्याच गाडीने. बाईंना ती पाहायची असेल, असे मला वाटले होते. ते चुकले. तिने गाडीकडे पाहिलेही नाही.

चांगुणाबाई अंगणात हरभऱ्याची भाजी निवडत होती. डावा पाय आखडलेला, शेजारी काठी. मी खुर्ची नाकारली आणि ओट्यावर, तिच्या समोर बसलो.

मी म्हणालो, "बाई, तातेराव खोटे बोलले नव्हते. त्यांनी पेडल दाबले होते. खोटे मी लिहिले."

दीड पानाचे इतकेच उरले होते.

तिचे हात भाजीत थांबले. तिने विचारले, "हे तुमाला आत्ता कळलं?"

"आत्ता. पण तेव्हाच कळायला हवे होते. त्यांनी सांगितले होते."

"काय सांगितल्तं?"

"धडक बसली तेव्हा गाडी मोकळी झाली आणि इंजिन चालूच राहिले. राधेश्यामनेही तेच सांगितले. त्यावरून सिद्ध होत होते."

"मंग तुमी ते लिवलं न्हाई?"

"जबाबात लिहून घेतले होते. पण बाजूला लिहिले, अप्रस्तुत."

"म्हंजी?"

"म्हणजे, याचा इथे संबंध नाही."

तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला सोपे गेले असते. ती खरोखरच समजून घेण्याचा प्रयत्न करीत होती.

"त्याचीच चौकशी व्हती ना?" ती म्हणाली. "मंग त्याच्या बोलन्याचा संबंध कसा न्हाई?"

कल्याण फाटकाजवळ उभा होता. त्याने तोंड फिरवले.

"वसंता गेला," ती म्हणाली. "दीड कोसावर व्हते मी, लेकीच्या घरी. निरोप आल्ता. पदर खोचून निघाले बी. वाटंत तुमचा कागद आठवला आन् माघारी फिरले. माझ्या मांडीवर वाढल्तं ते लेकरू."

मी हात जोडले. तिने ते दुर्लक्षिले आणि सूप बाजूला सारून काठीला हात घातला.

"सुमेधा," तिने आत हाक मारली. "माझं लुगडं काढ, चांगलं. पिंपळगावची गाडी किती वाजता हाय?"

सून बाहेर आली. "बारा वाजता. आत्याबाई, एकल्या कशा जाता? सरांची गाडी हाय ना दारात."

"मी नेतो," मी म्हणालो. "मीही बरोबर येतो. आपण दोघे त्यांना—"

"तुमी न्हाई यायचं."

"बाई, माझे कर्तव्य—"

"तुमी आलात तर तो तुमालाच खुर्ची दील, चहा दील. तुमच्याशीच बोलत बसल. मी तशीच उभी राहीन कोपऱ्यात." ती उठली. "आमाला दोघांना बसू द्या जरा."

मी मान्य केले. प्रतिवाद सुचला नाही, आणि सुचला असता तर तो केलाही असता, याची मला भीती वाटते.

कल्याणने तिला बसस्टँडपर्यंत रिक्षा करून दिली. आम्ही मागून गेलो, अंतर ठेवून. बस भरलेली होती. एका पोराने उठून तिला आमच्या बाजूच्या खिडकीजवळची जागा दिली. कंडक्टर तिकिटाचे मशीन घेऊन आला.

"कुठं, आजी?"

"भावाकडं," ती म्हणाली.

"अहो, गावाचं नाव सांगा ना."

तिने ते काय सांगितले, ते इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आले नाही. बस वळणाआड गेली आणि कल्याणने गाडी जालन्याच्या दिशेला वळवली.